सळईवरच्या भाज्या आणि निखाऱ्याची विद्या

घरांत तरुण मुलें असलीं म्हणजे हिवाळ्यांतील एखाद्या शनिवारीं हा विषय निघतोच. कोणाच्या तरी वाढदिवसाला हॉटेलांत खाल्लेल्या, सळईला ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या भाज्या कोणाला तरी आठवतात आणि 'आपल्याच गच्चीवर कां करूं नयेत?' असा प्रश्न पुढें येतो. प्रश्न रास्त आहे. भाज्या आपल्या, दहीं आपलें, मसाला आपला. मग बाहेर जाऊन एका प्लेटीसाठीं चार दिवसांच्या भाजीचे पैसे कां मोजावे? परंतु या पदार्थांत भाजी आणि मसाला या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. मुख्य वस्तु आहे निखारा; आणि तीच हल्लींच्या घरांतून अशी नाहींशी झाली आहे कीं, ती हाताळावी कशी हें घरांतल्या वृद्ध माणसावांचून कोणासच ठाऊक नसतें. हें ज्ञान नसतां निखाऱ्याशीं खेळणें किती महागांत पडतें, याचा अनुभव आम्हीं घेतला आहे. तो सांगावा आणि त्याबरोबर पदार्थाची खरी रीतहि सांगावी, एवढ्यासाठीं हा लेख.

आमचा पहिला प्रयोग

आम्ही राहतों तें सारसोळे म्हणजे ठाण्याच्या खाडीकांठचें जुनें आगरी-कोळ्यांचें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली आणि गांवाभोंवतीं नेरूळचे सेक्टर उभे राहिले. गांवठाण राहिलें, खाडीवरची जेट्टी राहिली. आणि पुण्याहून, दादरहून, डोंबिवलीहून आलेलीं आमच्यासारखीं कुटुंबें भोंवतालच्या इमारतींत स्थिरावलीं. आमच्या इमारतीला मोठी गच्ची आहे. संध्याकाळीं खाडीवरून वारा येतो. पौषांतल्या अशाच एका संध्याकाळीं, दोन वर्षांपूर्वीं, आमच्या चिरंजीवांनीं हा बेत ठरविला. धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी मुद्दाम राहावयास आलीं होतीं.

चिरंजीवांनीं पायांची एक लोखंडी पेटी, कोळशाची पिशवी आणि बांबूच्या काड्यांचा जुडगा विकत आणला. ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो, बटाटा आणि पनीर यांचे तुकडे, हॉटेलांतल्या चित्राप्रमाणें, रंगाला रंग लावून एकाच काडीला ओंवले. कोळशानें पेट घेतला न घेतला तोंच काड्या वर ठेवल्या. सासूबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्यांचें वय त्या वेळीं ८४ वर्षांचें. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, कोळसा अजून काळा आहे. त्याच्यावर राखेची साय येऊं दे." परंतु मुलांना भूक लागली होती आणि मोठ्यांना कौतुक होतें. आजींचें म्हणणें कोणीं ऐकलें नाहीं.

फळ व्हावयाचें तेंच झालें. टोमॅटो गळून विस्तवांत पडले, बटाटे आंत कच्चे राहिले, मिरचीवर काजळी बसली, आणि काड्याच मध्यें जळून तुटल्या. आम्ही हंसलों, आणि वरणभात जेवून खालीं आलों. इथपर्यंत सारी गंमतच होती.

खरी चूक त्यानंतरची. निखारे विझल्यासारखे दिसत होते; वर पांढरी राख जमली होती. रात्रीं वाऱ्यानें ठिणगी उडूं नये, या चांगल्याच हेतूनें चिरंजीवांनीं ती पेटी खालीं आणून दिवाणखान्याला लागून असलेल्या बाल्कनींत ठेवली आणि सरकत्या काचा लावून घेतल्या. बाल्कनी व दिवाणखाना यांच्यामधलें दार उघडेंच होतें. दिवाणखान्यांत जाऊबाई व त्यांची मुलगी निजल्या होत्या. रात्रीं दोनच्या सुमारास सासूबाई पाणी पिण्यास उठल्या, तों जाऊबाई डोकें धरून बसलेल्या. मुलीला ओकारी झाली होती आणि ती हांकेला नीट 'ओ' देत नव्हती. कोणी अपचनाची गोष्ट काढली असती, सासूबाईंनीं एकच प्रश्न विचारला, "शेगडी कुठें ठेवलीत?" आणि उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं स्वतः दारें-खिडक्या उघडावयास सुरुवात केली. मुलीला आम्ही तसेंच उचलून मोकळ्या हवेंत नेलें आणि तेथून रुग्णालयांत. तेथें तिला प्राणवायु देण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ती खेळूं लागली. "आणखी तासभर झोंप लागली असती तर सांगतां आलें नसतें," असें डॉक्टर म्हणाले. तें वाक्य आमच्या घरांत अजून कोणी विसरलेलें नाहीं.

राखेखालचा शत्रु

झालें काय, हें प्रत्येक गृहिणीनें समजून घेण्यासारखें आहे. कोळसा भरपूर हवेंत जळला म्हणजे त्यापासून मुख्यतः कार्बन डायॉक्साईड वायु होतो. परंतु हवा पुरेशी मिळाली नाहीं, किंवा कोळसा राखेखालीं नुसता धुमसत राहिला, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु अधिक निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांना झोंबतहि नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें श्वास चालू असूनहि शरीर प्राणवायूवांचून तळमळतें. प्रथम डोकें दुखतें, मग मळमळ, चक्कर आणि गुंगी. निजलेल्या माणसाला तर जागच येत नाहीं. लहान मुलांना तो लवकर बाधतो.

'पूर्वीं घरोघर शेगड्या होत्याच ना?' असें कोणी विचारील. होत्या. पण त्या घरांना कौलें होतीं, कौलांत फटी होत्या, स्वयंपाकघराला धुराडें होतें. शिवाय शेगडी पेटवावयाची ती ओटीवर किंवा अंगणांत आणि निजण्यापूर्वीं विझवावयाची, हा दंडक होता. सासूबाईंच्या माहेरीं, वाईकडे, हा दंडक मुलींना रांगोळीबरोबर शिकवीत. मुंबईंत सिलिंडरांतील गॅस १९५५ पासून मिळूं लागला. पुढें तो घरोघर गेला. चूल गेली, शेगडी गेली, तिच्याबरोबर डोळ्यांतलें पाणी गेलें, हें उत्तमच झालें. पण दंडकहि गेला, आणि घरें मात्र कांचांनीं बंदिस्त झालीं. अशा घरांत निखारा परत आणावयाचा तर दंडकहि परत आणला पाहिजे.

शूल्य, उख्य आणि दाधिक

सळईवर भाजणें ही हॉटेलवाल्यांची नवी युक्ति आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. पाणिनीच्या अष्टाध्यायींत, चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत, अन्नाला त्याच्या संस्कारावरून नांवें कशीं पडतात तें सांगितलें आहे. शूलावर, म्हणजे सळईवर, भाजलेलें तें 'शूल्य'. उखेंत, म्हणजे मडक्यांत, शिजविलेलें तें 'उख्य'. आणि लगेच पुढच्या सूत्रावरून दह्यांत संस्कारिलेलें तें 'दाधिक'. सळई, मडकें आणि दहीं हीं तीन आजच्या आमच्या गच्चीवरहि शेजारीं शेजारीं असतात, हें पाहून मौज वाटते. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें लिहविलेल्या 'मानसोल्लासां'तहि निखाऱ्यावर भाजण्याचे प्रकार वर्णिलेले आहेत. अर्थात् प्राचीनांची सळई ही बहुतेक मांसासाठींच होती. आपल्या शाकाहारी घरांनीं सळई घेतली नाहीं. पण विस्तव घेतला. चंपाषष्ठीचें वांग्याचें भरीत, राखेंत पुरलेलें रताळें, कणीस, निखाऱ्यावरचा पापड, सोलापूर-नगरकडचा हुरडा, हे सारे त्याच कुळांतले.

आणि उख्याचें तर जिवंत उदाहरण आमच्या शेजारींच आहे. शेजारच्या वहिनींचें माहेर अलिबागकडचें. रायगड जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे शेतांत 'पोपटी' लावतात. मडक्याच्या तळाशीं व कडेनें भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा; त्यांत वालाच्या शेंगा, बटाटे, रताळीं, लहान वांगीं, ओवा व जाडें मीठ भरावयाचें; तोंडाशीं पुन्हां पाला दाबून मडकें जमिनीवर उपडें ठेवावयाचें आणि भोंवतीं काटक्या-पेंढा पेटवावयाचा. पाण्याचा थेंबहि घालीत नाहींत. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर सारें शिजतें आणि पाल्याचा उग्र-मधुर वास आंत मुरतो. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि तो चुर्रकन् उडाला कीं पोपटी झाली. पुष्कळ घरीं तींत अंडीं व कोंबडीहि घालतात. वहिनी आमच्यासाठीं वेगळ्या कोऱ्या मडक्यांत नुसत्या शेंगांची लावतात आणि सासूबाईंना तें आधीं सांगतात. हा शेजारधर्म लहान नव्हे. गुजराथेंत बलसाडकडे अशाच पदार्थाला 'उंबाडियुं' म्हणतात.

भाजीला पाणी किती?

आतां रीतीकडे वळूं. उकडणें आणि भाजणें यांत फरक काय? पाणी आहे तोंवर पदार्थाची उष्णता १०० अंशांच्या वर चढत नाहीं. भाजल्याचा खमंगपणा मात्र सुमारें १४० अंशांच्या पुढें येतो. त्या वेळीं पदार्थांतील साखर आणि प्रथिनांचे घटक यांचा संयोग होऊन तांबूस रंग व नवा वास उत्पन्न होतो. ही क्रिया १९१२ सालीं मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें वर्णन केली, आणि ती त्याच्या नांवानेंच ओळखली जाते. यावरून नियम निघतो तो असा: भाजीचें वरचें अंग कोरडें असेल तरच ती भाजली जाईल, ओली असेल तर ती नुसती वाफवेल. म्हणून भाज्या धुऊन, पुसून, अर्धा तास पंचावर पसराव्या. मीठ आधीं लावूं नये, कारण मीठ पाणी ओढतें. तें सळई विस्तवावर ठेवण्याच्या वेळीं लावावें.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. एका सळईला एकच भाजी. पांचरंगी सळई चित्रांत शोभते; पण टोमॅटो तीन-चार मिनिटांत होतो, ढोबळी मिरची व कांदा आठ-दहा मिनिटें घेतात, आणि कच्चा बटाटा अर्ध्या तासांतहि होत नाहीं. त्यांना एकत्र ओंवणें म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आजीला एकाच चालीनें चालावयास लावणें होय. वेगवेगळ्या सळया कराव्या आणि पानांत वाढतांना रंग मिसळावे.

बटाटे, रताळीं, सुरण, कच्चीं केळीं व फ्लॉवर हीं आधीं तीन चतुर्थांश उकडून, निथळून, पूर्ण गार करावीं. मिरची, कांदा, पनीर व दुधी कच्चेच चालतात. टोमॅटो घट्ट असावा, अर्धाच चिरावा आणि बिया काढाव्या. तुकडे सव्वा इंचाचे; त्याहून लहान केले तर सुकतात.

सहा माणसांना लेपासाठीं प्रमाण असें: अडीच वाट्या दहीं दोन-तीन तास फडक्यांत टांगून केलेला चक्का, दोन मोठे चमचे खमंग भाजलेलें डाळीचें पीठ, आलें व हिरवी मिरची यांचें वाटण एक चमचा, चालत असल्यास लसूण, तिखट, हळद व धने-जिऱ्याची पूड प्रत्येकीं एक लहान चमचा, हातावर चोळलेला ओवा चिमूटभर, दोन चमचे तेल. दह्यांतलें पाणी काढून टाकल्यानें लेप गळत नाहीं आणि पीठानें तो भाजीला धरून राहतो. बाजारी लाल रंगाची कांहींच गरज नाहीं. भाज्या तासभर लेपांत मुरूं द्याव्या. उपासाच्या दिवशीं रताळें, बटाटा व सुरण यांना नुसतें तूप, जिरें, मिरची व सैंधव लावावें. तो प्रकार आमच्या घरीं इतर प्रकारांपेक्षां अधिक खपतो.

बांबूच्या काड्या असल्यास अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवाव्या. पनीर आणि टोमॅटो काडीवर गरगर फिरतात व नेमकी कच्ची बाजू वर येते. त्यांना दोन काड्या समांतर लावाव्या, म्हणजे ते वळतात, फिरत नाहींत.

विस्तव

कोळसा लोणारी घ्यावा, दगडी कदापि घेऊं नये. सहा माणसांना दीड किलो पुरतो. पेटविण्यास रॉकेल नको. त्याचा वास शेवटपर्यंत जात नाहीं आणि भडक्याची भीति असते. नारळाची शेंडी, करवंटीचे तुकडे आणि कापराच्या दोन वड्या पुरेत. मग थांबावें. हें थांबणेंच कठीण. वीस ते तीस मिनिटांनीं ज्वाळा बसते, निखारा आंतून लाल आणि वरून करडा होतो. सासूबाईंची 'राखेची साय' ती हीच. मग निखारे शेगडीच्या एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ पसरावे. प्रथम जाड बाजूवर रंग आणावा, मग पातळ बाजूवर आंतपर्यंत शिजूं द्यावें.

आंच मोजण्यास यंत्र नको. निखाऱ्यावर पांच इंचांवर तळहात धरून सावकाश अंक मोजावे. तीन म्हणतांच हात मागें घ्यावा लागला तर आंच कडक. पांच-सहापर्यंत धरवला तर भाजीला योग्य. दहापर्यंत धरवला तर कोळसे वाढवावे. खाडीवरचा वारा सुटला कीं आंच एकदम चढते. त्या बाजूला आडोसा करावा. तेल टपकून ज्वाळा उठली तर सळई बाजूला सरकवावी, पाणी शिंपडूं नये, नाहींतर राख उडून भाजीवर बसते. भाजी सोनेरी-तांबूस झाली कीं उतरावी. काळी पडलेली बाजू कडू तर लागतेच, शिवाय प्रकृतीलाहि चांगली नव्हे. ती कापून टाकावी. उतरल्यावर लिंबू व चाट मसाला, बरोबर ज्वारीची गरम भाकरी किंवा नुसता दहीभात.

या बेताला दिवस कोणते? चातुर्मासांत पाऊस असतो आणि कांदा-वांगें न खाणारीं घरेंहि अजून आहेत. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीला वांगें सुटतें, हवा कोरडी होते, वाल, रताळीं व ओल्या शेंगा बाजारांत येतात. तेथून माघापर्यंतचे दिवस विस्तवाचे.

गच्चीवर करावयाचें तर सोसायटीची परवानगी घ्यावी. शेगडीखालीं विटा व वाळू, शेजारीं पाण्याची बादली, अंगावर सुती कपडे. गच्ची वा अंगण नसेल तर निखाऱ्याचा हट्ट धरूं नये. बाल्कनी ही गच्ची नव्हे. बिडाचा तवा चांगला तापवून त्यावर सळया फिरवाव्या, किंवा विजेच्या भट्टींत वरची आंच लावून भाजाव्या. धुराचा वास थोडा कमी पडतो. पण रात्रीं झोंप शांत लागते.

दुसरा प्रयोग

त्या रात्रीनंतर वर्षभर आमच्या घरीं कोणीं कोळशाचें नांव काढलें नाहीं. चिरंजीव तर फार खजील झाले होते. गेल्या चंपाषष्ठीनंतर विषय काढला तो सासूबाईंनींच. "विस्तवानें एकदां भाजलें म्हणून जन्मभर कच्चें खायचं का?" असें म्हणून त्यांनीं नातवाला बाजारांत पाठविलें आणि बसण्याची खुर्ची गच्चीवर शेगडीशेजारीं मांडावयास लावली. या खेपेस हुकूम त्यांचा आणि हात नातवाचा. राख धरेपर्यंत त्यांनीं एकहि सळई ठेवूं दिली नाहीं. शेजारच्या वहिनींचें शेंगांचें मडकें त्याच संध्याकाळीं खालच्या मोकळ्या जागेंत लागलें होतें. तें वर आलें, आमच्या सळया त्यांच्याकडे गेल्या. पुतणी, आतां आठ वर्षांची, आजीच्या मांडीला टेकून तळहात पुढें करून अंक मोजावयास शिकली. "पांच! आजी, आतां ठेवूं?" "ठेव."

जेवण आटोपल्यावर दिवे मालवून खालीं जाण्याची घाई झाली, तेव्हां सासूबाई जागच्या हलल्या नाहींत. चिरंजीवांनीं बादलीभर पाणी निखाऱ्यांवर थोडें थोडें ओतलें, चिमट्यानें ढवळलें, पुन्हां ओतलें. वाफ उठावयाची थांबली. मग आजींनीं नातवाला राखेला हात लावून पाहावयास सांगितलें. ती गार लागली. शेगडी गच्चीवरच राहिली, आणि आम्ही खालीं आलों.